फुंकणीबाईंची उपाशी खोली

आमच्या दवाखान्यात सगळे त्यांना फुंकणीबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर 'ताई'.

मी तिथे रिपोर्ट टाईप करायचे. साहित्यात एम.ए. केल्यावर मिळालेलं ते पहिलं काम. त्यांच्या खोलीबाहेर माझं टेबल होतं. त्या पंचावन्नच्या, मी चोवीसची. मैत्री कशी झाली ते सांगता येणार नाही. त्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं, "काय शिकलीस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग इथे कशाला आलीस? काहीतरी लपवतेयस." तिथून सुरुवात.

त्यांचं काम श्वास मोजायचं. खाल्लेलं पोटातून पुढे किती वेगाने सरकतं, हे श्वासावरून कळतं. आधी माझाही विश्वास बसला नव्हता. रोग्याने बारा तास उपाशी राहून यायचं. आल्यावर चूळ भरून एका पिशवीत फुंकायचं. मग पाकासारखं एक गोड औषध प्यायचं. ती साखर माणसाला पचत नाही. ती तशीच सरकत सरकत मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिच्यावर तुटून पडतात आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. तो रक्तातून फुफ्फुसात येतो, फुफ्फुसातून बाहेर. दर वीस मिनिटांनी फुंकायचं. पिशवी मशीनला लावली की छोट्या काचेत आकडा दिसतो. आकडा चढला की समजायचं, साखर पोचली.

पण पहिला आकडा, औषधाआधीचा, खाली असावा लागतो. दहाच्या आत. तो वीसच्या वर गेला तर माणूस खाऊन आलेला आहे. तपासणी रद्द.

फुंकणीबाईंचा सगळा जीव त्या पहिल्या आकड्यात होता.

मशीनच्या आधी त्या स्वतः तपासायच्या. नखं बघत. शर्टाचा खिसा बघत. सोबत आलेल्या माणसाची पिशवी नजरेने चाचपत. मग खुर्ची पुढे ओढून अगदी माहेरच्या माणसासारखं विचारत.

"रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?"

"नाही हो."

"पाणी?"

"थोडंसं."

"पाणी चालतं. आणि तो घोटभर चहा? चहाला काय कोणी खाणं म्हणतं?"

"हां, तेवढाच घेतला बघा. सवय आहे."

त्या पेन्सिल खाली ठेवत. "या आता. पुढच्या आठवड्यात."

मी हे शंभर वेळा पाहिलं. शिकलेसवरलेले लोक अलगद सापडत. चहाने नाही सापडला तर बिस्किटाच्या तुकड्याने. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे लाल पेन्सिलने दोनच शब्द लिहिले जात. उपाशी नव्हते. सही.

"माणूस बाकी कशाबद्दल खोटं बोलायला घाबरतो," त्या म्हणायच्या. "खाण्याबद्दल नाही घाबरत. आपलंच पोट, आपलंच तोंड, कोणाला काय कळतंय."

त्यांच्या नवऱ्याला साखरेचा आजार होता. चौदा वर्षं त्यांनी त्याला मोजून वाढलं. तो गेल्यावर कपाट आवरताना जुन्या बुटांच्या टोकात चॉकलेटचे कागद सापडले. चुरगळलेले नव्हेत. नीट घडी घातलेले. "मी ताटात मोजत होते," त्या मला म्हणाल्या, "आणि ते बुटात जेवत होते." त्या हसल्या. मी हसले नाही, तर म्हणाल्या, "हस की. विनोदच आहे."

त्यांचा एक नियम होता. सकाळची शेवटची फुंकर होईपर्यंत त्या स्वतः काही खायच्या नाहीत. पाण्यावर राहायच्या. उपाशी माणसासमोर जेवलेलं तोंड घेऊन बसू नये, एवढंच त्याचं कारण. बावीस वर्षं हा नियम चालला होता. दोन वाजता आम्ही डबे उघडायचो तेव्हा त्यांच्या तोंडात दिवसाचा पहिला घास जायचा. त्या घासाबरोबर माझी उलटतपासणी व्हायची. एकदा मी माझी कविता दाखवली. त्यांनी दोनदा वाचली. म्हणाल्या, "चांगली आहे. पण ही तूच लिहिलीस कशावरून?"

त्या वर्षी दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर केबलचं काम निघालं. आठवड्यातून दोन दिवस पहाटे वीज जायची, ती आठला यायची. थंड पेटीत ठेवलेली औषधं खराब होऊ नयेत म्हणून वरिष्ठ डॉक्टरांनी बॅटऱ्या आणून बसवल्या. फुंकणीबाईंच्या खोलीमागे एक अडगळीची खोली होती, तिच्यात. बाई खूश झाल्या. मशीन बंद पडण्याची चिंता मिटली.

त्यानंतरच लोक बिघडले.

म्हणजे त्या तसं म्हणाल्या. "काय चाललंय काय? सोमवारी चार खोटारडे, गुरुवारी पाच. मान हलवून शपथा घेतात आणि आकडा तीस." चहाचा प्रश्न विचारला तरी लोक सापडेनात. ते ठामपणे नाही म्हणत आणि मशीन हो म्हणे. बाईंना वाटलं, लोक आता तयारीने येतात. बाहेर कोणीतरी त्यांना शिकवून पाठवतंय.

"सोमवारचं कळतं," त्या म्हणाल्या. "रविवारचं पोटात घेऊन येतात. गुरुवारचं कारण अजून सापडलेलं नाही."

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. मी दाराबाहेर बसते. रोगी माझ्यासमोरून जातात. एका दुपारी मी हात धुऊन आले तर माझा खण उघडा आणि बाई बिस्किटांचा पुडा हातात घेऊन उभ्या.

"हे?"

"माझे आहेत, ताई."

"सगळे असंच म्हणतात."

मला हसू आलं. मग त्यांचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुडा पुन्हा काढला. "काल अकरा होती. आज आठ आहेत." मी तीन बिस्किटं कधी खाल्ली ते वेळेसकट सांगितलं. सांगताना माझा आवाज कापला. त्या कापलेल्या आवाजाकडेही त्यांनी संशयाने पाहिलं. आठवडाभर मी दोन वाजता एकटी जेवले.

आता कंडक्टरबद्दल सांगायला हवं.

ती बसवर कंडक्टर होती. तिशीतली. तिचा साप्ताहिक सुटीचा वार गुरुवार, म्हणून ती गुरुवारीच यायची. आठ महिन्यांत तिचं अकरा किलो वजन उतरलं होतं. गणवेशाचा पट्टा तिने घरीच खिळ्याने भोकं पाडून आवळला होता. पट्टा आत दोन बोटं दुमडलेला असे. एकदा चालत्या गाडीत चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही तपासणी झाल्याशिवाय औषध देता येणार नाही.

दोन गुरुवार ती आली. पहिला आकडा चौतीस. पुढच्या वेळी एकोणतीस. दोन्ही वेळा लाल पेन्सिल.

तिसऱ्या गुरुवारी तिच्याबरोबर सासू आली. पदर खोचलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा. बसायच्या आधीच बोलायला लागली.

"आज मी स्वतः आणलंय तिला. काल संध्याकाळी सातनंतर हिच्या पोटात दाणा नाही. स्वयंपाकघराला कुलूप घातलं. किल्ली माझ्या उशाखाली."

"बरं केलंत, आजी," बाई म्हणाल्या.

"आजी कोणाला म्हणता? पाच-सात वर्षांनीच मोठी असेन तुमच्यापेक्षा."

कंडक्टर किंचित हसली. तिने चूळ भरली. पिशवीत फुंकलं. बाईंनी पिशवी मशीनला लावली. मी रिकामा फॉर्म घेऊन दारात उभी होते. खोलीत मशीनची बारीक घरघर.

अडतीस.

बाईंनी काच सासूकडे वळवली. सासूला आकड्याचा अर्थ माहीत होता. दोन लाल रिपोर्ट घरी वाचून झाले होते. तिने किल्ल्या मांडीवर ठेवल्या.

"म्हणजे मी म्हणत होते तेच," ती म्हणाली. "माझ्या हातचं हिला चालत नाही. घरात दोन घास चिवडल्यासारखे करायचे आणि बाहेर जाऊन चरायचं. आणि वर वजन उतरलं म्हणून मलाच चारचौघांत बदनाम करायचं." मग सुनेकडे वळून, अगदी हळू, "पण काल कधी खाल्लंस गं? मी तर डोळाही मिटला नव्हता."

कंडक्टर तिच्याशी बोलली नाही. बाईंशी बोलली.

"ताई, मी रोज पाचशे माणसं तपासते. ज्याचा संशय येतो त्याच्याकडे आधी तिकीट मागते. चोर नंतर म्हणते. तुम्ही तिकीट न मागताच उतरवता."

"मशीन मागतं तिकीट. मी नाही."

"मग तुम्ही फुंका त्यात."

"काय?"

"तुम्ही सकाळपासून उपाशी असता ना? बाहेर सगळे सांगतात. फुंका. बघू तुमचं तिकीट."

बाईंचं तोंड लाल झालं. बावीस वर्षांत कोणी असं बोललं नव्हतं. "बाहेर रांग आहे," त्या म्हणाल्या, आणि लाल पेन्सिल उचलली.

कंडक्टर उठली. दारात मला म्हणाली, "पट्ट्याला आणखी भोक पाडायला जागा नाही." सासू मागून चालली. किल्ल्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता.

बाईंनी दार लोटून घेतलं. रांगेत तिघे होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी दार ढकललं.

त्या मशीनसमोर उभ्या होत्या. तोंडातून पाण्याचा ओघळ गळ्यापर्यंत आलेला. टेबलावर तीन फुगलेल्या पिशव्या. काचेत एकेचाळीस.

"ताई?"

"दार लाव."

"तुम्ही काही..."

"कालच्या रात्रीचं जेवण. नंतर पाणी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "विचार. विचार मला चहाचं."

मी विचारलं नाही.

त्या खुर्चीवर बसल्या. मग एकदम उठल्या. कपाटातून मोठी सिरिंज काढली. सुई नसलेली, औषध मोजायची. खोलीच्या मध्यभागी उभं राहून दट्ट्या ओढला. नुसती हवा. ती पिशवीत भरली. पुन्हा ओढली, पुन्हा भरली. पिशवी मशीनला लावली. मला ते वेड्यासारखं वाटलं.

आकडा आला. तेहेतीस.

त्या पिशवीत कोणाचाच श्वास नव्हता.

"ही खोलीच खाऊन आलीय," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी खोलीची झडती घेतली. दुसरा शब्द नाही त्याला. प्रत्येक कोपऱ्यातून सिरिंज भरली. दाराजवळ अठरा. टेबलाखाली पंचवीस. मागच्या भिंतीत वर एक जाळीची खिडकी होती, अडगळीच्या खोलीत उघडणारी. बाई स्टुलावर चढल्या. मी स्टूल धरलं. जाळीजवळची हवा मशीनला लावली तर काचेत आकडाच येईना. मापाच्या बाहेर.

वायरमनला बोलावलं. तो हसत आला. बॅटऱ्यांची झाकणं उघडून म्हणाला, "बाई, यांच्यातलं पाणी बघा किती खाली गेलंय. पहाटे वीज गेली की रिकाम्या होतात, आठला आली की जोरात चार्ज होतात. तेव्हा हवा सुटते त्यांच्यातून. त्याला काय, सगळ्याच बॅटऱ्या सोडतात."

"कसली हवा?"

"हायड्रोजन. म्हणून तर इथे कोणाला विडी पेटवू देत नाही मी."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तुम्ही कधी विचारलंत?"

वीज कोणत्या दोन दिवशी जाते, हे त्याला विचारायची गरज नव्हती. सोमवारी आणि गुरुवारी.

बाईंनी रजिस्टर मांडीवर घेतलं. तीन महिने. सत्तावन्न लाल ओळी. त्या बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "यातले काही खरंच खाऊन आले असणार."

"असतील."

"पण कोण, ते आता मला कधीच कळणार नाही."

त्यांच्यासाठी याहून मोठी शिक्षा नव्हती. हे मला त्या क्षणी दिसलं.

वरिष्ठ डॉक्टरांनी बॅटऱ्या त्याच दिवशी मागच्या पडवीत हलवायला सांगितल्या. आणि म्हणाले, "झालं ते झालं. लोकांना पुन्हा तपासणीला बोलवा, कारण सांगू नका. उगाच बोभाटा नको."

बाईंनी मान डोलावली. मग माझ्या टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला.

दोन दिवस त्या फोन करत होत्या. प्रत्येकाला एकच वाक्य. "मी तुमच्या नावापुढे उपाशी नव्हते असं लिहिलं. ते चुकीचं होतं. दोष आमच्या खोलीत होता. पुन्हा या." काहींनी ऐकून घेतलं. एकाने पाच मिनिटं शिव्या दिल्या, त्या त्यांनी फोन कानाला लावून पूर्ण ऐकल्या. एक म्हातारा शिक्षक मात्र म्हणाला, "बाई, खरं सांगू का? मी केळं खाल्लं होतं." बाई ताडकन उभ्या राहिल्या. "माहीत होतं मला! खिशाला डाग होता!" फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या मनापासून खूश दिसल्या.

कंडक्टरच्या घरचा फोन सासूने उचलला. "ती माहेरी गेली," म्हणाली, आणि ठेवून दिला.

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. बाईंनी रजिस्टर सोबत घेतलं होतं. दवाखान्याबाहेर ते न्यायची परवानगी नव्हती. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या दाराला कडी, कडीला कुलूप. सून घरात नव्हती, तरी कुलूप होतं.

बाईंनी सगळं सांगितलं. बॅटऱ्या, वीज, जाळी, सिरिंज. सासू ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "तुम्हाला इथवर कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. मीच आले."

"सुटीच्या दिवशी? जिने चढून?"

"हो."

"ती भेटली असेल ना तुम्हाला?" आवाज एकदम मऊ झाला. "भेटली असेल तरी काय मोठंसं. बाया बायांना भेटतातच की."

मी बाईंकडे पाहिलं. हा त्यांचाच प्रश्न होता. घोटभर चहाचा. बाईंनीही तो ओळखला. त्यांचा हात रजिस्टरवर थांबला. आयुष्यभर त्या ज्या खुर्चीत बसल्या होत्या ती आता समोर होती, आणि त्या रोग्याच्या स्टुलावर.

"नाही भेटली," त्या म्हणाल्या. "तुम्हाला खरं वाटणार नाही. मलाही वाटलं नसतं."

बाईंनी रजिस्टर बाजूला ठेवलं.

"तुम्ही रात्रभर तिच्यापाशी जाग्या होतात. किल्ली तुमच्या उशाखाली होती. तुमच्या दोन डोळ्यांनी बघितलं की ती उपाशी आहे. आणि मी एक काच फिरवली तर तुम्ही स्वतःचे डोळे खोटे मानलेत. ती चूक माझी. पण थोडी तुमचीही."

सासूचे ओठ हलले. मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढणार. ती म्हणाली, "गुरुवारी किती वाजता?"

त्या गुरुवारीही पहाटे वीज गेली. बाईंनी मुद्दाम तोच दिवस ठेवला होता आणि कंडक्टरच्या माहेरी तसं कळवलं होतं. कंडक्टर माहेरून भावाबरोबर आली. सासू घरून एकटी आली. दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या.

बाईंनी आधी खोलीची हवा मशीनला लावली. शून्य. काच दोघींकडे वळवली. मग कंडक्टरसमोर उभं राहून स्वतः पिशवीत फुंकलं. चार.

"हे माझं तिकीट," त्या म्हणाल्या. "उशीर झाला."

सासू पुढे झाली. "माझंही घ्या."

"तुम्ही उपाशी आहात?"

"ती उपाशी असताना मी खाऊन येऊ?"

बाईंचा हात पिशवीवर थांबला. चहाचा प्रश्न त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला. सासूने फुंकलं. सहा.

मग कंडक्टरने. तिचे गाल आत गेलेले होते, फुंकताना हाडं वर यायची. मशीन घरघरलं. तीन.

सासू काचेकडे बघत राहिली. इतका वेळ, की आकडा आपोआप विझला. मग तिने जुडग्यातून एक किल्ली काढायला सुरुवात केली. कडं घट्ट होतं. नख तुटलं. किल्ली निघाली तेव्हा तिने ती सुनेच्या मांडीवर ठेवली. कंडक्टरने ती उचलली नाही, खालीही टाकली नाही.

औषध दिलं. बाईंनी गजर लावला. वीस मिनिटांनी चार. चाळीस मिनिटांनी, साधारण माणसाची साखर अजून निम्म्या वाटेवर असते तेव्हा, आकडा एकतीसवर गेला. तासाला पंचावन्न. बाईंनी तोच नमुना पुन्हा लावून पाहिला. पुन्हा पंचावन्न.

"म्हणजे काय?" कंडक्टरने विचारलं.

"नाव डॉक्टर सांगतील. औषधही तेच देतील." बाईंनी पेन्सिल उचलली, साधी, काळी. "मी एवढंच सांगते की तुम्ही खाता. पोट ते ठेवून घेत नाही."

कंडक्टर सासूकडे न बघता म्हणाली, "ऐकलंत?"

"ऐकलं," सासू म्हणाली.

शेवटची फुंकर झाली तेव्हा साडेबारा वाजले होते. कंडक्टर उठली. किल्ली तिच्या मुठीत होती. माहेरी जाणार की सासरी, ते मी विचारलं नाही. जिन्यात दोघींची पावलं ऐकू आली, भावाची मागून. किल्ल्यांचा आवाज आला नाही.

तो रिपोर्ट मी टाईप केला. बाई मागे उभं राहून वाचत होत्या. मग नेहमीप्रमाणे त्यांनी माझा खण उघडला.

"सहा कमी," त्या म्हणाल्या.

"पाच खाल्ली. एक मोडलेलं टाकलं."

त्यांनी कचऱ्याच्या डब्यात डोकावलं. तुकडा तिथे होता. मग त्यांनी आपला जेवणाचा डबा उघडला आणि दोन वाजायची वाट न बघता माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली.

आता त्यांच्या रजिस्टरमध्ये रोज सकाळी पहिल्या ओळीत एका रोग्याचं नाव असतं. खोली. पुढे आकडा. त्या सिरिंज हातात घेऊन मधोमध उभ्या राहतात आणि दट्ट्या ओढण्याआधी भिंतींकडे पाहून विचारतात, "काही खाल्लं नाही ना?"

मी दाराबाहेरून ऐकते. त्या गंमत करत नाहीत.